वनमालाबाई निकम यांनी राजमातेची भूमिका सर केली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. रंगदेवतेस दंडवत घालून, आणि जन्मभर फुकट पासावर नाटके पाहणाऱ्यांस क्षमा करून, ही हकीकत लिहावयास घेतली आहे. ज्या वनमालाबाई निकम पुढे दूरदर्शनावर खाष्ट सासू होऊन घरोघर शिव्या खात्या जाहल्या, आणि ज्यांस पाहोन भाजीवाले भिऊन आपण होऊन भाव उतरवीत, त्यांच्या कारकिर्दीचा पाया कोणत्या लढाईत पडला हे आजकालच्या लोकांस ठाऊक नाही, म्हणोन सांगणे प्राप्त.

शके अठराशे अठ्ठ्याहत्तर, दुर्मुखनाम संवत्सर. ग्वाल्हेरचे संस्थान मध्यभारतात विलीन होऊन आठ वर्षे लोटली होती, आणि आता तो मध्यभारतही गुंडाळून मध्यप्रदेश केला, आणि राजधानी भोपाळास नेली, आणि राजधानीपाठी कचेऱ्या गेल्या, आणि कचेऱ्यांपाठी कारकून, टेबले आणि लोणच्याच्या बरण्या गेल्या. या धामधुमीत ग्वाल्हेरच्या माधवगंजातील नाट्यमंडळींवर मोठाच घाला पडला. मंडळींची राजमाता, म्हणजे हिशेबखात्यातील दिनकरराव, भोपाळास बदलून गेले.

मंडळींत बायकांस मज्जाव होता ऐसे नव्हे. वनमालाबाई, शिंदे की छावनीतील एका शिलेदाराची लेक, कन्याशाळेत मास्तरीण, कित्येक वर्षे मंडळींत इमाने चाकरी करीत होत्या. परंतु वाट्यास यायची ती दासी, नाहीतर दाई, नाहीतर देवळापुढील भिकारीण. आणि तबक ठेवणे, आणि 'जी सरकार' म्हणणे, आणि मग विंगेत जाऊन सर्वांचा चहा करणे. राण्या तेवढ्या सगळ्या दिनकररावांच्या खासगीतल्या. मंडळींचे अध्यक्ष तात्यासाहेब, ज्यांचे वाडवडील दरबारात कारभारी होते, यांचे मत पक्के होते की राणीचा रुबाब बायकांस जमणे नाही. वाहवा रे अक्कल! मिशा भादरून दिनकररावांस जमतो, आणि बाईस जमत नाही म्हणे.

आता मात्र निरुपाय जाहला. मग तात्यासाहेबांचा हुकूम सुटला, की कार्तिकातील प्रयोगापुरती राजमाता वनमालाबाईंनी करावी. पुढे माघात भोपाळास नाट्यस्पर्धा आहे, तेथे दिनकरराव आपल्या जागी रुजू होतील आणि बाईंनी आपले तबक उचलावे. हे ऐकून बाईंच्या अंगाचा तिळपापड जाहला. घरी येऊन त्यांनी मातोश्री विजयाबाईंस निक्षून सांगितले, "आई, बस झालं आता. भोपाळला राजमाता मीच करणार, नाहीतर नाटक बिलकुल बंद." विजयाबाई म्हणाल्या, "कर ना. पण आधी जेवून घे." बाईंस रडू फुटले, आणि मग रडत रडतच त्या पोटभर जेवल्या.

प्रयोगाचा दिवस उगवला. जगदेवराव म्हणोन एक वृद्ध सरदार होते, त्यांच्या घरून खरा शालू आणि खऱ्या मोत्यांची नथ मागून आणली. पुढल्या रांगांत संस्थानचे जुने मानकरी पगड्या बांधून, आणि संस्थान गेल्याचे दुःख तंबाखूत चघळीत, बसले होते. मध्यभागी तात्यासाहेब, शेजारी जगदेवराव. पडदा वर गेला. दरबाराचा देखावा. चोपदाराचे काम मधुसूदनाकडे होते, आणि त्याचा आजा खराखुरा दरबारी चोपदार. त्याने सोटा आपटला आणि घराण्याचा जुना खडा सूर लावून ललकारी दिली, "निगाह रखो! राजमातासाहेब! अदब से!"

आणि अघटित जाहले. पुढील रांगांतील समस्त मानकरी ताडकन उठले, आणि कमरेत वाकून मुजरे करू लागले. संस्थान विलीन जाहले होते, परंतु गुडघे विलीन जाहले नव्हते. ज्या तात्यासाहेबांनी आजवर बाईंस 'ए, चहा' यापलीकडे हाक मारली नव्हती, तेही वाकले. ते पाहोन वनमालाबाईंचे काळीज भरून आले, आणि क्षणभर त्या संवादच विसरल्या.

मग मुजरे सरले आणि खरा पेच पडला. राजमाता उभ्या असता खाली बसणे हा दरबारी शिरस्ता नव्हे. सर्वांस उमगले होते की हे नाटक आहे. परंतु पहिला बसेल कोण? जो बसेल त्याच्या घराण्यास बाकीची घराणी सात पिढ्या टोचीत राहतील. जगदेवराव तात्यासाहेबांकडे पाहत आणि तात्यासाहेब जगदेवरावांकडे. पुढचे उभे म्हणोन मागच्यांस दिसेना, म्हणोन तेही उठले, आणि बायकांकडून "अहो, बसा की!" ऐसा एकच कल्लोळ उठला.

नाटकात लिहिले होते, की राजमातांनी एक वाक्य बोलावे आणि सिंहासनी बसावे. बाई वाक्य बोलल्या. त्यांनी सिंहासनाकडे पाहिले. मग खाली उभ्या तात्यासाहेबांच्या संधिवाताच्या पायांकडे पाहिले, आणि सिंहासनाच्या पाठीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. बाईंची मसलत तात्यासाहेबांच्या ध्यानी आली!

तात्यासाहेबांनी डोळ्यांनी विनविले, हातांनी खुणाविले, शेवटी मधुसूदनाकरवी अर्ज गुजारला, की हुजुरांनी तशरीफ ठेवावी. यावर राजमातांनी भर दरबारात फर्माविले, की शरणागतांस तहाची कलमे ऐकविली जावीत: भोपाळच्या स्वारीत राजमाता हीच राहील, येथून पुढे कोणत्या बाईस कोणते काम हे तिचे काम पाहून ठरावे, आणि तालमीचा चहा पुरुष मंडळींनी पाळीपाळीने करावा. बायकांकडून टाळ्या पडल्या. नाटक फारच रंगले ऐसे मागच्यांस वाटले.

तात्यासाहेबांनी पहिली दोन कलमे मान हलवून मान्य केली, परंतु चहावर अडले. मग राजमातांनी राजघराण्याची वंशावळ मूळ पुरुषापासून सांगावयास आरंभ केला, एकेका पुरुषाच्या पराक्रमांसह. तिसऱ्या पुरुषापाशी जगदेवरावांचे पाय लटलटू लागले. ते तात्यासाहेबांच्या खांद्यास लोंबकळत कळवळून म्हणाले, "तात्या, मान जा ना यार! चाय मी करीन तुझ्या वाट्याची. पैर गए माझे!"

तात्यासाहेबांनी पुटपुटत कबुली दिली. राजमातांनी कानास हात लावून ऐकू न आल्याचे दर्शविले आणि चौथा पुरुष काढला. मग तात्यासाहेबांनी पगडी सावरली, आणि ज्या आवाजात आजवर हुकूमच सुटले होते त्या आवाजात, साऱ्या माधवगंजास ऐकू जाईल ऐसे ओरडले, "कबूल, बाईसाहेब! तिन्ही कबूल!"

येणेप्रमाणे कार्तिकमासी, मुक्काम लष्कर-ग्वाल्हेर, रक्ताचा थेंब न सांडता वनमालाबाई निकम यांची फत्ते जाहली, ऐसे नमूद केले असे. मग राजमातासाहेब शालू आवरून सिंहासनी बसल्या, आणि त्या बसल्या तेव्हा समस्त ग्वाल्हेर हाश्शहुश्श करीत खाली बसले, आणि नाटकाचा पहिला अंक सुरू जाहला.