प्रत माहितीसाठी

छातीवर हात ठेवून सांगतो, १९८२ साली नागपूरच्या अख्ख्या प्रताप नगरात साउंडचा मिक्सर समजलेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे मी! आता तुम्ही म्हणाल, अहो बळीरामभाऊ, तुम्ही सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावरचे कारकून, तुमचा आणि मिक्सरचा संबंध काय? संबंध इंग्रजीचा!

आमचे शेजारी रुपराव लाऊडस्पीकरवाले. सीताबर्डीत त्यांचं छोटंसं दुकान. चार जुने भोंगे विकून त्यांनी मुंबईहून सहा माईकचा मिक्सर आणला. सोबत चाळीस पानांचं इंग्रजी पुस्तक. रुपराव चौथी पास. पुस्तक घेऊन ते थेट माझ्याकडे आले.

"बळीरामभाऊ, जरा वाचून सांगा नं जी. शारदोत्सव मंडळानं म्हटलं, पहिल्या दिवशी पायतो. पसंत पडलं तं उरलेले आठ दिवस तुमचेच, नाही तं दुसऱ्याले बोलावतो."

भोंगे तर विकून बसलेले. म्हणजे हे आठ दिवस गेले असते, तर त्या मिक्सरवर पापड वाळत घालायची पाळी!

"तुम्ही निश्चिंत राहा," मी म्हटलं आणि चष्मा पुसला.

यंत्राला दोन काचा, प्रत्येक काचेमागे एक काटा. डावीकडे उणे वीस, उजवीकडे शून्य, आणि शून्याच्या पुढे लाल घर. शून्य म्हणजे काहीच नाही, हे मला गुरुजींनी छड्या मारून शिकवलेलं. इथे शून्य म्हणजे पोटभर! काटा शून्याच्या आसपास नाचला की आवाज उत्तम. लाल घरात ठाण मांडून बसला की आवाज फाटला.

"अस्सं काय!" रुपराव म्हणाले. "मी तं आजवर कानानंच पायतो जी."

कानानं पाहणारा माणूस! मला त्यांची दया आली.

पुढच्या पानावर 'ऑक्झिलरी सेंड' नावाचं प्रकरण होतं. त्यानं मला तीन दिवस जेवू दिलं नाही. चौथ्या दिवशी कचेरीत कार्बन पेपर लावताना डोक्यात लख्ख उजेड पडला. मूळ पत्र साहेबांना, आणि खाली काय लिहितो आपण? 'प्रत माहितीसाठी'! तेच हे! गाणाऱ्याचा आवाज मोठ्या बटणातून मांडवात जातो, ते मूळ पत्र. त्याखालची दोन बारकी बटणं म्हणजे प्रती. एक प्रत स्टेजवरच्या स्पीकरमध्ये, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. दुसरी, तुम्ही पाठवाल तिथे.

रुपरावांनी मांडीवर थाप मारली. "मंग दुसरी प्रत मी चहाच्या मंडपात देतो! तिथं बायका बसून राहतात नं, त्यांले बसल्या जागी समजन आपला नंबर कवा येते ते."

मला जे कळायला तीन दिवस लागले, त्याचा उपयोग त्यांनी तीन सेकंदांत शोधला. खरं तर मी तेव्हाच त्यांचं कौतुक करायला हवं होतं. मी स्वतःचंच करत बसलो.

पहिल्या दिवशी दुपारी महिलांची खंजिरी भजन स्पर्धा होती. शेवटचा नंबर कळमेश्वरच्या मंडळाचा, आणि त्या मंडळाच्या म्होरक्या रुखमाबाई म्हणजे आमच्या प्रेमिलाची सख्खी मावशी, माझी मावससासू! मिक्सरचं टेबल मांडवाच्या मागच्या टोकाला. पहिल्या दोन मंडळांचा आवाज रुपरावांनी असा ठेवला, की लोक आवाज विसरून भजन ऐकत होते. आणि हा माणूस काट्याकडे बघतही नव्हता! तेवढ्यात स्टेजवरची एक वायर तुटली.

"मी घरून दुसरी घेऊन येतो," रुपराव सायकलवर टांग टाकत म्हणाले. "भाऊ, तुम्ही फक्त बसा. बटणाले हात लावू नका."

मी बसलो. पाच मिनिटं बसलो! मग तिसऱ्या मंडळाच्या बाईंनी कानाकडे बोट दाखवलं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. एवढंच ना? माहितीसाठी प्रत! मी बारकं बटण सढळ हातानं फिरवलं. स्पीकरमधला आवाज माईकमध्ये शिरला, माईकमधला परत स्पीकरमध्ये, म्हणजे प्रतीची प्रत, तिच्या प्रतीची प्रत, आणि मांडवात अशी काही शिटी वाजली की पेटीवाल्या बाई पेटी टाकून शारदेच्या मूर्तीमागे पळाल्या! दोन्ही काटे लाल घरात. मी स्टेजवरच्या प्रतीचं बटण बंद केलं, सगळी मोठी बटणंही शून्यावर आणली. मांडव चिडीचूप.

पहिल्या रांगेतून मंडळाचे सचिव वामनराव उठले. निवृत्त हेडमास्तर, स्वतःला मोठे कानसेन समजणारे. त्यांनी हातानंच तिसरं भजन आटोपतं घेतलं, चहाची सुट्टी जाहीर केली आणि मागे येऊन मला म्हणाले, "रुपरावचं असंच चालणार असन, तं आठ दिवस विसरा म्हणावं!"

तरी मी धीर सोडला नाही. रुखमाबाईंसाठी माईक नीट करावा म्हणून मी स्टेजवर गेलो. प्रेमिला तिथेच सतरंजी झटकत होती.

"मावशीचा आवाज सांभाळजा बरं," ती म्हणाली.

"तुझ्या मावशीचा आवाज? अवं, तो आवाज हाये का मिलचा भोंगा? मशीनचा काटा मोडून हातात येईन! मी गुपचूप अर्धा कमी करून टाकतो, तिले काय समजते?"

"हळू बोला नं! माईक हाये समोर."

"बंद हाये वं! मूळ पत्रच रद्द केलं, तं प्रत कुठून जाईन? हे त्या रुपरावले नाही समजत. चौथी पास माणूस, कानानं पायतो म्हणे! मी नसतो तं या डब्यात त्यानं कोंबड्या ठेवल्या असत्या."

आणि मी हसलो. चांगला मोकळेपणी हसलो!

इतक्यात चहावाल्या अंजनाबाई हातात गाळणी घेऊन पळत आल्या. "भाऊ, चूप बसा जी! तिकडं चहाच्या मंडपात तुमचंच भाषण चालू हाये!"

सतरंजी प्रेमिलाच्या हातातून गळाली. कचेरीतला साधा नियम मी विसरलो होतो. मूळ पत्र साहेबांनी रद्द केलं, तरी एकदा रवाना झालेली प्रत परत येत नसते! चहाच्या मंडपाचं बारकं बटण उघडंच राहिलं होतं, आणि ती प्रत मोठ्या बटणाची परवानगी मागतच नव्हती. तिचा रस्ताच वेगळा.

टेबलापाशी धावत आलो, तर समोरून कळमेश्वरच्या अकरा बाया खंजिऱ्या पिशवीत कोंबत येत होत्या. सर्वांत पुढे रुखमाबाई. त्यांच्या मागे, हातात वायरचं वेटोळं घेतलेले रुपराव. तेही चहाच्या मंडपातूनच आले होते. म्हणजे कोंबड्याही ऐकल्या होत्या! धरणी पोटात घेत असेल तर आत्ताच घेऊ दे, असं मला झालं.

"जवाईबापू," रुखमाबाई म्हणाल्या, "आमचा आवाज तुमच्या मशीनले सोसत नाही म्हणे. आम्ही चाललो गावाले."

शेवटचं भजन झालं नाही, तर दोष साउंडचा. साउंडचा दोष म्हणजे आठ दिवस गेले. मी सवयीनं चष्मा पुसू लागलो.

रुपरावांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते रुखमाबाईंच्या पुढ्यात वाकले. "माय, मशीनले नसन सोसत. मले सोसते. मी ऐकाले बसलो हावो. तुम्ही म्हणान तसं."

रुखमाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "मंग आधी तो डबा बंद कर."

"केला," रुपराव म्हणाले, आणि त्यांनी एकेक बटण शून्यावर आणलं. मोठी, बारकी, सगळी. दोन्ही काटे डावीकडे आडवे झाले.

अकरा जणी स्टेजवर बसल्या. समोरचे माईक नुसते शोभेला. रुखमाबाईंनी खंजिरीवर बोटं ठेवली, डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली.

काय सांगू तुम्हाला! तीनशे माणसांचा मांडव, बाजूला रस्त्यावरची वर्दळ, आणि तो आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत असा आला, जणू माझ्याच कानाशी बसून गात होत्या. फाटणं नाही, किंचाळणं नाही. त्या हळू झाल्या की लोक श्वास धरायचे. सवयीनं मी काट्याकडे पाहिलं. यंत्राचा काटा मेल्यासारखा पडलेला, आणि माझ्या अंगावर मात्र उभा! या बाईला मी मिलचा भोंगा म्हणालो होतो. मला मनापासून लाज वाटली. शेजारी रुपराव डोळे मिटून बसले होते, आणि त्यांचा माणूस म्हणून मोठेपणा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

भजन संपलं आणि टाळ्यांचा पाऊस पडला. वामनराव डोळे पुसत टेबलापाशी आले.

"रुपराव, याले म्हणतात साउंड! काय स्वच्छ, काय गोल! आठही दिवस तुमचेच, शब्द देला. फक्त एक अट. या शेवटच्या भजनाले जे सेटिंग होतं नं, तेच ठेवा. एकाही बटणाले हात लावाचा नाही! कोणी लावलं हे?"

रुपराव अगदी गंभीरपणे म्हणाले, "सगळं बळीरामभाऊमुळं झालं जी."

खोटं काय होतं त्यात?

वामनरावांनी माझा खांदा थोपटला आणि आभार मानायला तडक स्टेजवर गेले. माईकसमोर उभे राहिले, ओठ हलू लागले. आवाज पहिल्या रांगेपुढे जाईना. मी घाईनं मोठ्या बटणाकडे हात नेला. रुपरावांनी तो हळूच धरला.

"राहू द्या भाऊ. साहेबच सांगून गेले, हात लावाचा नाही."

मागची माणसं चपला शोधू लागली. वामनराव दहा मिनिटं रंगात येऊन बोलत होते. पुढे बसलेल्या एका बाईंनी नंतर प्रेमिलाला सांगितलं, की त्यांनी मला 'नागपूरचे थोर ध्वनितज्ज्ञ' म्हटलं आणि माझ्या नावानं सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. आयुष्यात एकदाच माझा जाहीर सत्कार झाला हो, आणि तो मलासुद्धा ऐकू आला नाही!