पिंपळ सोडून बाकी सगळे

“मी काही अंधश्रद्धा मानत नाही. पण ही घरात आल्यापासून अंगणात एक झाड जगलेलं नाही.”

हे माझ्या सासूबाई किचनमध्ये माझ्या नवऱ्याला सांगत होत्या. मी किचनच्या खिडकीबाहेर दोरीवर टॉवेल वाळत घालत होते. लग्नाला सात आठवडे झाले होते आणि विक्रांतने माझी बाजू घेतली ती अशी: “आई, हळू.”

आमच्या घरात अंधश्रद्धा कोणीच मानत नाही. म्हणूनच ती हळू आवाजात बोलावी लागते. सासरे, म्हणजे बाबा, अंबरनाथच्या एका कारखान्यातून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेत. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. मांजर आडवं गेलं तर बाबा मुद्दाम दोन पावलं पुढे जातात. अशा घरात “सून आल्यापासून” हे दोन शब्द उच्चारणं म्हणजे गुन्हाच. पुढचा शब्द तर सासूबाईंनी गिळूनच टाकला होता. (तो तुम्हालाही माहीत आहे, मलाही.)

बेलवलीतलं हे घर आणि मी एकाच महिन्यात ताब्यात आलो. घर नवं कोरं होतं, फक्त मागचं कंपाउंड अर्धं पांढरं आणि अर्धं सिमेंटचं होतं, कारण साईनाथ पेंटर काम अर्ध्यावर टाकून गेला होता आणि रोज फोनवर “उद्या येतो” म्हणत होता. पुढे दहा बाय तीसचं अंगण. त्याचं काय करायचं, हा प्रश्न जेवताना निघाला आणि तिथून सगळं घसरत गेलं.

विक्रांत म्हणाला, “लँडस्केपिंग करू.”

बाबा म्हणाले, “आमच्या वेळी याला झाडं लावणं म्हणायचे.”

सासूबाईंना कढीपत्ता, अळू आणि ओवा हवा होता. विक्रांतला रीलमध्ये दिसतो तसा हिरवा गालिचा हवा होता. बाबांना विहारातून आणलेलं बोधिवृक्षाचं रोप मधोमध हवं होतं, तेही मोठ्या कुंडीत, कारण पिंपळाची मुळं घराच्या पायात शिरतात हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी “मोगरा” म्हटलं असतं. इतका छोटा शब्द मध्ये घालायलासुद्धा मला जागा सापडली नाही.

शेवटी उल्हासनगरहून गुरुदत्त नर्सरीवाला आला. त्याने टॅबवर चित्र दाखवलं. “साहेब, ये देखो, इथे झेन कॉर्नर. बुद्धाची मूर्ती, ऊपरसे पाणी पडतंय, खाली लाईट. एकदम पीसफुल.”

बाबांनी चष्मा लावून चित्र जवळ घेतलं. “तथागतांना नळाखाली बसवणार तुम्ही?”

“नळ नाय साहेब, वॉटरफॉल.”

“चोवीस तास?”

“टायमर लावू ना.”

झेन कॉर्नर रद्द झाला. बाकी सगळ्यांना थोडं थोडं मिळालं. लॉनचा तुकडा, जास्वंद, कढीपत्ता, अळू, चार क्रोटन, आणि गुरुदत्तने वर फ्री दिलेला मोगरा. मधोमध कुंडीत पिंपळ.

त्या रात्री मी मनाशी एक छोटासा निर्णय घेतला. बोलून छाप पाडणं मला जमत नाही, तर करून पाडावी. रोज साडेपाचला, कोणी उठायच्या आत, झाडांना पाणी घालायचं. न सांगता. माझी आई म्हणते, न दाखवता केलेली सेवा जास्त मुरते. ही सेवा तर नक्कीच मुरली.

तिसऱ्या आठवड्यात अळूने मान टाकली. मग क्रोटन. मग लॉन पिवळं पडलं, जसं काही विक्रांतच्या रीलला फिल्टर लावलाय. मोगरा तर असा गेला की त्याला फूल येण्याची इच्छा होती की नाही हेही कळलं नाही. आणि येत्या रविवारी भन्तेजी नव्या घराच्या परित्राण पाठाला येणार होते. चाळीस नातेवाईक येणार होते. नाशिकहून माझे आईवडील येणार होते. तोवर अंगण असंच राहिलं असतं, तर सासूबाईंचं ते वाक्य चाळीस जणांत फिरलं असतं, आणि तेव्हा “हळू” म्हणायलाही कोणी उरलं नसतं.

बाबांनी तपास हाती घेतला. प्रत्येक झाडाला नंबराची पट्टी बांधली आणि एक रजिस्टर उघडलं. रोज चहानंतर ते चष्मा लावून फेरी मारत आणि मोठ्याने नोंद करत: “क्रमांक चार, जास्वंद. रिजेक्ट.”

“अहो, ते झाड आहे, नटबोल्ट नाही,” सासूबाई म्हणायच्या.

“शीला, शास्त्रीयदृष्ट्या दोन्हीला एकच नियम.”

पहिला संशय गुरुदत्तवर आला. त्याने फोनवर शपथा घेतल्या. “साहेब, आपला माल एकदम कडक है. मिट्टी चेक करा.” दुसरा आला शेजारच्या मालिनीताईंवर, कारण त्या रोज सकाळी अंगणात फिनाईल टाकतात आणि वारा आमच्या बाजूला असतो. विक्रांतने तर सासूबाईंचंच नाव घेतलं. “लॉन मेलं की तिथे तुला अळूच लावायचंय.”

“माझं अळू तुझ्या लॉनच्या आधी गेलंय, गाढवा.”

“ते संशय येऊ नये म्हणून.”

सासूबाईंचा संशय मात्र सरळ बाबांवर होता, आणि त्यांच्याकडे पुरावा होता. सगळी झाडं मेली, पण बाबांचा पिंपळ तरारून वर आला होता. त्याला नवी तांबूस पानं फुटली होती. “सगळी जागा एकट्या बोधिवृक्षाला पाहिजे यांना. पहिल्यापासून होतं मनात.”

“शीला, मी पंचशील घेतलेला माणूस आहे!”

“पंचशीलात झाडांचं कुठे आलंय?”

माझा कोणावर संशय होता ते मला कोणी विचारलं नाही. माझा सासूबाईंवर होता. विक्रांतच्यापेक्षा माझं कारण खोल होतं. एकदा बाईने “ही आल्यापासून एक झाड जगलं नाही” असं म्हटलं की मग एखादं झाड जगणं तिला परवडत नाही, नाही का? (नव्या सुनेला रिकामा वेळ फार असतो.) मला स्वतःला तर मी संशयातून आधीच वगळलं होतं. या घरात झाडांना पाणी घालणारी मी एकटीच. तेही साधं नव्हे. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, “तांदूळ धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही हं, झाडांना घालायचं.” मागच्या दाराशी त्यांचं निळं पिंप होतं, धुवणाने काठोकाठ भरलेलं. किती काटकसरी बाई, असं मला वाटलं होतं. सिंकखालची तांदळाच्या पाण्याची बादलीही मी रोज त्यातच रिकामी करायचे. सत्त्व तळाशी बसतं म्हणून काठीने छान ढवळून मग झाडांना घालायचे. पिंप खाली आलं की वरून नळ सोडायचे. माझे हात खरखरीत झाले होते, पण ते भांड्यांच्या साबणाने.

तर शुक्रवारी दुपारी मी खिडकीतून पाहिलं. सासूबाई पातेलं पदराखाली धरून बाहेर आल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि कढीपत्त्याच्या बुडाशी काहीतरी पांढरं ओतलं. त्या आत गेल्यावर मी चमच्याने तिथलं ओलं खरवडून मुरांब्याच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि झाकण घट्ट लावलं.

शनिवारी सकाळी बाबांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. गुरुदत्त बदली झाडं घेऊन आला होता. त्याच्यासोबत बारवी धरणाकडच्या पाड्यावरची चंद्री होती. तिच्या डोक्यावर शेणखताचं पोतं होतं. त्याच्या नर्सरीतलं खरं काम तीच करते, हे तिच्या गप्प बसण्यावरून कळत होतं. बाबांनी रजिस्टर वाचलं: दहापैकी नऊ रिजेक्ट. “कोणाला काही सांगायचंय?”

मी बाटली बाबांच्या हातात दिली आणि सासूबाईंकडे बघितलं. सात आठवड्यांत मी पहिल्यांदाच कोणाकडे तसं बघितलं होतं.

बाबांनी झाकण उघडलं. वास घेतला. पुन्हा घेतला. “ताक.”

“ताकच आहे ते!” सासूबाई म्हणाल्या. “कढीपत्त्याला आंबट ताक घालतात, सगळ्या जगाला माहितीय. लपून घातलं, कारण हे विचारतात शास्त्रीय आधार काय. आणि हिने…” त्या माझ्याकडे वळल्या. “हिने माझं ताक बाटलीत भरलं?”

विक्रांत म्हणाला, “आई, हळू.”

मी कुठे बघावं ते मला सुचेना, म्हणून मी झाडांकडे बघत राहिले. तेवढ्यात चंद्रीने पोतं खाली ठेवलं, वाकून मोगऱ्याची माती चिमटीत घेतली आणि बोटांवर चोळली. बोटं पांढरी झाली. तिने मातीवरच्या पांढऱ्या पापुद्र्यावर नख ओढलं, आणि पायऱ्यांपर्यंत सांडलेले पांढरे थेंब बघत बघत ती घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेली. आम्ही सगळे तिच्या मागे गेलो. तिने निळ्या पिंपात काठी बुडवली. काठी बाहेर आली तेव्हा तिला दुधासारखा लगदा चिकटला होता.

“ह्यो चुनाय, बाय.”

“असणारच,” बाबा म्हणाले. “कंपाउंडला मारायला साईनाथ भिजवून गेलाय. पण हा इतका पातळ कसा झाला?”

“हाच घातलाय कोनीतरी झाडास्नी,” चंद्री म्हणाली. “रोजच्या रोज. लई मायेनं.”

“मग पिंपळ कसा जगला?” बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात थोडी आशा होती.

“पिपळाला काय होतंय? तो चुन्याच्या भिताडात बी उगवतो.”

बाबांनी पेनाचं टोपण काढलं. विक्रांतने आईकडे पाहिलं, आईने बाबांकडे, गुरुदत्तने देवाचे आभार मानल्यासारखं आकाशाकडे. शेवटी सगळ्यांची नजर काठीवर आली. तिच्या वरच्या टोकाला एक रुमाल बांधलेला होता. हाताला टोचू नये म्हणून मीच तो बांधला होता. लग्नातला रुखवताचा, कोपऱ्यात माझं नाव भरलेला.

सात आठवडे मी जे बोलले नव्हते, ते मग मी अगदी स्पष्ट आवाजात बोलले:

“आई, त्या दिवशी तुम्ही विक्रांतला म्हणालात ना, मी आल्यापासून एक झाड जगलेलं नाही? ती अंधश्रद्धा नाहीये. शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे.”