चारुशीलाबाईंसाठी पंप

चारुशीलेची बाळंतपणाची रजा संपून सोमवारी कामावर जायचं होतं, आणि तीन महिन्यांची मुलगी डब्याचं दूध तोंडात धरायला तयार नव्हती. दोनदा पाजून पाहिलं, दोनदा ओकून टाकलं. आदिलाबादच्या पोस्टात काउंटरवर सहा-सात तास बसायचं, तर घरी मुलीनं काय प्यायचं, हा प्रश्न होता. शेजारच्या विनोदिनीबाईंनी त्यावर तोडगा आणून दिला. जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेला, आईचं दूध काढायचा पंप. काचेचं नरसाळं आणि मागे लाल रबराचा फुगा.

"दुसऱ्या कुणी वापरलेला आहे हा," चारुशीला म्हणाली. "चालेल का?"

"काऊन नाई चालन?" सासूबाई देवकाबाई म्हणाल्या. "उकळत्या पान्यात टाक. उकळल्यावर काय राह्यते?"

"काच उकळता येईल. या फुग्याच्या आत काय आहे ते दिसतंय का?"

देवकाबाईंनी फुगा दाबून नाकाशी धरला आणि लगेच खाली ठेवला. मग दोघींनी चारुशीलेच्या नवऱ्याकडे, चिंतामणीकडे पाहिलं.

"अहो, सरकारी दवाखान्यात त्या डॉक्टरीणबाई आहेत ना, त्यांना विचारून या."

चिंतामणी मंडल कचेरीत कारकून होता. स्वभावानं इतका लाजाळू, की दुकानात बायकोसाठी बांगड्यांचं माप सांगतानाही त्याचा आवाज बसत असे. दवाखान्यात बायकांच्या रांगेत उभं राहून हे विचारायचं म्हटल्यावर तो फाटकापर्यंत गेला आणि सायकल वळवून सरळ कचेरीत आला. तिथं गिरदावर, म्हणजे महसूल निरीक्षक, वामनराव होते. वयानं वडील, सहा मुलांचे बाप. त्यांना विचारायला काय हरकत, असं त्याला वाटलं.

वामनरावांची बेल्याला बारा एकर कपाशी होती. त्या आठवड्यात बोंडअळी पडली होती आणि त्यांच्या डोक्यात फवारणीशिवाय दुसरं काही नव्हतं.

"साहेब," चिंतामणी हळूच म्हणाला, "एक जुना पंप मिळतोय. दुसऱ्यांनी वापरलेला. घ्यावा का?"

वामनरावांनी फाईल मिटली. "रबर पाह्यलं का?"

"पाहिलं. लाल आहे."

"रंगाचं नाई इचारून राह्यलो. रबर जुनं झालं का तडकते. त्या तडेत पयलेचं राह्यलेलं असते, ते धुऊन निंगत नाई. वरून सफा दिसते, आतमदी जहर. जुना पंप आपून तं कोनाचाच घेत नाई."

चिंतामणी थक्क झाला. सहा मुलं वाढवलेल्या माणसाला किती बारीक माहिती असते, असं त्याला वाटलं.

"चालवनार कोन?" वामनरावांनी विचारलं. चिंतामणीचं जैनथला दोन एकर शेत आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

"आमची ही."

"बाई? सोता?"

"दुसरं कोण चालवणार, साहेब?"

वामनरावांनी कौतुकानं मान हलवली. "मोठी हिंमतीची बाई हाये. तिले जुना नका देऊ. माह्याकडं दोन हायेत, एक यंदाच घेतला. उद्या धाडून देतो."

दोन! त्यातला एक यंदाचाच! चिंतामणीच्या मनात बरेच प्रश्न आले. पण साहेबांच्या घरातल्या बायकांविषयी विचारणं बरं दिसलं नसतं.

शनिवारी सकाळी दार वाजलं. चारुशीलेनं मुलीला खांद्यावर घेऊनच उघडलं, तर दारात वामनरावांचा सालदार महिपत उभा. पाठीवर पितळेचा लखलखीत फवारणीचा पंप, हातात नळी.

"गिरदावर सायबानं धाडला," तो म्हणाला. "वायसर नवा टाकला. सोळा लिटर मावते. बाई कोनत्या? पट्टे त्याह्यच्या मापानं आवळून देतो."

चारुशीलेनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही डॉक्टरीणबाईंना विचारलंत की वामनरावांना?"

"वामनरावांना."

"कसला पंप ते सांगितलंत?"

चिंतामणीनं पितळेच्या पंपाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती खाली बसून हसायला लागली. मांडीवरची मुलगी दचकून रडली, तरी तिचं हसू थांबेना, आणि हसता हसताच डोळ्यांत पाणी आलं. सोमवार तर परवावर आला होता.

महिपत गोंधळून उंबऱ्यात उभाच. देवकाबाई पुढं झाल्या. "सायबाले सांग," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "बाईले हा मोठा व्हते."

तासाभरात चारुशीला मुलीला आणि काचेच्या पंपाला घेऊन दवाखान्यात पोचली. चिंतामणी बाहेर थांबला. डॉक्टरीणबाईंनी फुगा उजेडात धरला, दाबला, आणि तोंडापाशी दिसणारे काळे ठिपके तिला दाखवले.

"हे रबर आतून साफ होत नाही," त्या म्हणाल्या. "चिरा गेल्यात, त्यात जुनं दूध सडतं. दुसऱ्या बाईचा पंप वापरूच नका. आणि पाहिजे कशाला? हातानं निघतं की."

पडद्याआड त्यांनी ते करून दाखवलं. हात साबणानं धुवायचे, झाकणाची स्टीलची डबी उकळून घ्यायची, दूध दोन-तीन तासांत वाटी-चमच्यानं पाजायचं. दहा मिनिटांत डबीचा तळ झाकला गेला आणि चारुशीलेच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी रंग आला.

संध्याकाळी ती पंप परत द्यायला गेली. कसं सांगावं म्हणून घुटमळत होती, तर विनोदिनीबाईच म्हणाल्या, "नाही वापरलात ना? बरं केलंत. मला जावेनं दिला होता, तिला तिच्या भावजयीनं. मलाही धीर झाला नाही, कपाटात ठेवून दिला."

"मग मला कशाला दिलात?"

"तुम्ही शिकलेल्या. म्हटलं, तुम्हाला कळेल चालतो की नाही ते."

सोमवारी दुपारी चिंतामणी पोस्टातून डबी घेऊन सायकलवर घाईनं घरी निघाला होता. कचेरीच्या वळणावर वामनरावांनी हात करून थांबवलं.

"चिंतामनराव, पंप वापस केला. लहान पायजे का? आठ लिटरचा धाडू?"

मुलीच्या दुधाची वेळ झाली होती. लाजायला सवड नव्हती.

"साहेब, फवारणीचा नव्हता तो," चिंतामणी खणखणीत आवाजात म्हणाला. "बायकोला बाळासाठी दूध काढायचं होतं. आता ती हातानंच काढते. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. हे काय, घेऊन चाललोय."

वामनरावांनी डबीकडं पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडं पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चिंतामणीनं पायडलवर पाय ठेवला, तसं त्यांनी हँडल धरलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"आमची सून लेकरू घिऊन माहेराहून येऊन राह्यली. मास्तरीन हाये, तिची बी शाळा सुरू व्हते पुढच्या मयन्यात. ते... डॉक्टरीनबाईले... तुमी इचारून देसान का?"

"सुनेलाच घेऊन जा, साहेब. त्या तिथं करून दाखवतात."

"अन् म्या काय करावं?"

"बाहेर बाकडं आहे," चिंतामणी म्हणाला, "चांगलं रुंद आहे," आणि सायकल हाणत निघून गेला.