डीटरसाहेब आणि बंद कूलर

आखातातल्या दुक्मच्या आमच्या कामगार कॅम्पात आल्या आल्या डीटरसाहेबांनी पाण्याच्या कूलरचं तीन तास शूटिंग केलं. कूलर बंद होता. मी मेसचा मॅनेजर. म्हटलं, “साहेब, दुरुस्त करून देतो, मग काढा.” ते दचकलेच. “नो, नो! आत्ताच छान आहे.”

हे जर्मनीचे प्रायोगिक दिग्दर्शक, आमच्या मोठ्या साहेबांचे पाहुणे. प्रायोगिक म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. वसईला चर्चच्या नाटकांत मी पडदा ओढायचो. प्रेक्षक आले नाहीत की आम्ही नाटकाला प्रायोगिक म्हणायचो. डीटरसाहेबांनी उभ्या आयुष्यात अकरा सिनेमे काढले. एकातही कोणी बोलत नाही. एकात तर माणूसच नाही.

कामगारांवर सिनेमा निघणार म्हटल्यावर कॅम्पात लगीनघाई उडाली. दाढ्या झाल्या, केस काळे झाले. रत्नागिरीचा वेल्डर हनीफ ईदचं जाकीट चढवून उन्हात उभा राहिला. साहेबांनी त्याच्याकडे पाठ केली आणि खोल्यांबाहेरच्या चपला टिपायला घेतल्या. “चेहरा ॲक्टिंग करतो,” ते म्हणाले. “चपला, नो ॲक्टिंग!” हा त्यांचा जपच होता. आमटी ढवळताना मी जरा हसलो तरी ओरडायचे.

हनीफ घामाघूम. “मालकाच्या, त्या अर्बाबच्या हातापाया पडून सुट्टी काढली मी, नि हा चपला काढतो? त्यात माझी एक पण नाय!”

सिनेमा तयार झाला. शुक्रवारी दुपारी जेवणं उरकल्यावर मेसमध्ये चादर बांधून लावला. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे, प्रत्येकाशी हात मिळवत होते. आधी चपला. मग कूलर. मग पुन्हा चपला. माणसं एकेक करून उठू लागली. कुणाला फोन आला, कुणाचे कपडे भिजत होते. हनीफ तेवढा राहिला, तोही घोरत. साहेब चादरीकडे बघतच नव्हते. उठून जाणाऱ्या प्रत्येकाला मान लववून “थँक यू” म्हणत होते. मला माझ्याच थट्टेची लाज वाटली.

सिनेमा संपला. साहेब प्रोजेक्टरची वायर गुंडाळू लागले. “शेवटपर्यंत कोणी बसत नाही,” ते हळूच म्हणाले. “कधी कधी मीसुद्धा नाही.”

मला संध्याकाळचा भात चढवायचा होता. तरी मी खुर्ची पुढे ओढली. “साहेब, चहा देण्याच्या नादात माझी सुरुवात चुकली. परत लावता का?”

सुरुवात मी नीट पाहिली होती.

 साहेब घाईघाईने वायर सोडवू लागले. पण प्लग काही केल्या बसेना. शेवटी तो मीच लावला.