चाड्यावरची मूठ आणि तिची मंजुरी

शेती हाताने होते, हा एक जुना गैरसमज आहे. शेती परिपत्रकाने होते. हात लागतो तो फक्त त्याची घडी उलगडायला.

१९६८ साली मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात सोयाबीन नावाचे नवे धान्य आले. (आधी ते कोणी पाहिलेच नव्हते, त्यामुळे तज्ज्ञ मुबलक मिळाले.) प्रयोगासाठी खुशालरावांचे दोन एकर निवडले गेले. शिफारस अशी: एकरी तीस किलो, फुटात आठ दाणे. जास्त टाकले तर बी वाया, कमी टाकले तर वावर वाया. बियाण्याला गुलाबी औषध चोळलेले होते आणि पोत्यावर कवटी छापली होती: ‘हात लावू नये.’

अडचण एवढीच, की वऱ्हाडात पेरताना तिफणीच्या चाड्यात, म्हणजे औतावरच्या लाकडी वाटीत, बाई मुठीनेच बी सोडते. म्हणजे बियाण्याचे प्रमाण ज्या हाताने राखायचे, मनाई त्याच हाताला. अशा वेळी जे करतात तेच केले. समिती नेमली.

सभासद सात; पैकी पेरणीचा अनुभव असलेले, शून्य. बियाण्याला हात लावता येत नसल्याने समितीने चावडीत बसून चिंचोक्यांवर मूठ मोजली. उपाशीपोटी सरासरी सव्वीस चिंचोके, भज्यांनंतर एकोणीस (बोटे निसटतात). अध्यक्षांची मूठ चौतीस भरली. ती हुद्द्याप्रमाणे असावी.

यात तीन दिवस गेले. पाऊस होऊन उघडीप पडली होती आणि काळी जमीन वरून भेगाळू लागली होती. खुशालराव चावडीत आले.

“साहेब, ओल चालली. आज नाही पेरलं तं माहे दोन एकर पडीक राह्यतीन. घरात सात तोंडं हायेत.”

“मूठ मंजूर व्हायची आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“कोनाची?” मागून तानुबाईने विचारले. गावाची पेरणी तीस वर्षे तिच्याच हातची.

“तुमचीच, बाई.”

“मंग तुमी करा मंजूर सावकाश. मी तिले घेऊन चालली वावरात.”

तिने हाताला जाड फडके गुंडाळले आणि दिवस बुडायच्या आत दोन्ही एकर पेरले. आठवड्याने उगवले. फुटात आठ रोपे. (समितीने तीनदा मोजली, तिसऱ्यांदा जरा रागाने.)

अहवालात लिहिले: उगवण उत्तम, परंतु विनामंजुरी. फडके बांधलेली मूठ नमुन्यात बसत नसल्याने हे पीक अस्तित्वात नाही असे समजावे. खुशालरावांनी ते कापून घरी नेण्यास हरकत नाही. तानुबाईंना पुढील वर्षी पेरणीचे प्रशिक्षण द्यावे. प्रशिक्षक: अध्यक्ष.

आता येत्या वर्षी गावोगाव अशा समित्या नेमायच्या आहेत आणि माणसे कमी पडत आहेत. हे वाचताना तुम्ही एकदा तरी आपली मूठ मिटून पाहिली असणार, लाजू नका. आता उघडा. आत काही नाही ना?

मग तुमची निवड झाली.