परातीखालचं ओलं फडकं

आमचे शेजारी चीफकाका परातीखाली ओलं फडकं घालत. बोटीवर नव्हे, सिंगापुरात, सेम्बावांगच्या नवव्या मजल्यावर, चांगल्या भक्कम इमारतीत, काचेच्या टीपॉयवर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं पाणी सांडलंय, म्हणून फडकं ओढून पुसायला घेतलं. काका केवढ्यांदा तरी ओरडले.

"हात लावू नकोस! घसरेल!"

"काय घसरेल, काका?"

"परात!"

"पण कशानं?"

त्यांनी फडकं माझ्या हातातून घेतलं आणि पुन्हा परातीखाली सारलं. समुद्र खवळला की बोटीवरच्या जेवणाच्या टेबलावर ओलं कापड अंथरतात, म्हणजे ताटं जागची हलत नाहीत, हे त्यांनी मला चहा झाल्यावर समजावून सांगितलं. "अहो, पण आपली इमारत कुठे हलतेय?" मी म्हटलं. "अजून नाही हलली," काका म्हणाले. "आधी घाबरून ठेवलेलं बरं."

हे त्यांचं लाडकं वाक्य. चीफकाका म्हणजे रघुनाथ खोत, मूळचे राजापूरकडचे. तीस वर्षं मालवाहू बोटींवर काढली, त्यातली शेवटची बारा चीफ इंजिनीअर म्हणून. आता इथल्या एका शिपयार्डात दुरुस्तीच्या कामांवर देखरेख करायचे. एकदा इंजिनरूममध्ये आग लागली तेव्हा त्यांनी हातातला चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि मग पंप सुरू करायला गेले, अशी कथा त्यांचा मुलगा नितीन सांगायचा. तो चीफ मी कधी पाहिला नाही. मी पाहिला तो लिफ्टमध्ये धोक्याच्या बटणाला खेटून उभा राहणारा, गॅस बंद केलाय का हे बघायला बसस्टॉपवरून परत येणारा आणि विमानतळावर मेतकुटाची पुडीसुद्धा स्वतःहून कस्टम्सच्या अधिकाऱ्यापुढे ठेवणारा माणूस. अधिकाऱ्यानं ते हुंगून पाहिलं आणि काकांना जायला सांगितलं. काका मात्र पावती मागत थांबले.

ही भीती जुनी नव्हती. काकू, म्हणजे शांताकाकू, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्या गेल्या, त्याच्या पुढच्याच वर्षी नितीन शिकून बोटीवर रुजू झाला, तोही इंजिनवर, आणि त्या दिवसापासून काका घाबरायला लागले. बोटीवर काय काय बिघडू शकतं याची त्यांना इत्थंभूत माहिती होती, हीच पंचाईत. आमच्यासारख्यांना समुद्र म्हटलं की फार तर वादळ आठवतं. काकांना नटबोल्टसकट आठवायचं.

आणि त्याच वर्षी त्यांनी शरदातली परात मांडायला सुरुवात केली. सिंगापुरात ऋतू एकच, घामाचा. जानेवारीत बघा नाहीतर ऑक्टोबरात, खिडकीबाहेर तेच हिरवं झाड आणि तोच चार वाजताचा पाऊस. "इथं ऋतू येत नाही, तो मांडावा लागतो," काका म्हणायचे. काकू गावी दर नवरात्रात मोठ्या पितळी परातीत घट बसवायच्या. माती, मातीत गहू, त्यात तांब्या आणि नारळ, कडेनं झेंडू, आपट्याची पानं, भाताच्या लोंब्या. त्यांचं एक म्हणणं होतं. गहू उगवून वर आले की समजायचं, आपला बोटीवरचा माणूस सुखरूप आहे. तीच परात काका सिंगापुरात घेऊन आले होते आणि नियम काकूंपेक्षा कडक करून ठेवले होते.

"तांब्या मधोमध नाही. जरा डाव्या अंगाला. शांताचा डावीकडे असायचा."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे फोटो." तिथे नितीनचा फोटो, बॉयलर सूटमधला, खाली ओल्या कापडाची घडी.

लोंब्या गावाहून आणलेल्या, अर्थात पावतीसकट. झेंडूचे हार लिटिल इंडियातून, म्हणजे इथल्या भारतीय बाजारातून. आपटा इथे मिळत नाही, पण खालच्या रस्त्यावर कांचनाची झाडं आहेत आणि पानांचा आकार तोच. झाडाचं पान तोडलं तर दंड होईल या धास्तीनं काका फक्त पडलेली पानं उचलायचे आणि साक्षीदार म्हणून मला सोबत न्यायचे. "हे आपोआप पडलं. तू पाहिलंस ना?" मी पाहिलेलं असायचं. एकदा तर एक पान पडेपर्यंत आम्ही वीस मिनिटं मान वर करून उभे होतो.

त्या वर्षीची गोष्ट वेगळी होती. पलीकडे सुमात्रात जंगलं पेटली होती आणि तो धूर आठवडेच्या आठवडे सिंगापुरावर बसला होता. समोरची इमारत दिसेना. घसा खवखवायचा, मुलांना शाळेत मैदानावर सोडत नव्हते, दुपारी तीनला दिवे लावावे लागायचे. आणि नितीनची बोट नेमकी मलाक्काच्या सामुद्रधुनीत होती. म्हणजे अरुंद पाणी, ये-जा करणाऱ्या शेकडो बोटी आणि पुढचं काही दिसत नाही. बंदरात पोचला की तो नेहमी फोन करायचा. या वेळी ठरलेला दिवस उलटला आणि फोन आला नाही.

काकांनी कंपनीच्या ऑफिसात फोन केला. "ऑल ओके, स्मॉल डिले," तिथून उत्तर आलं. काका फोन ठेवून म्हणाले, "असंच सांगतात. बोटीवरून उतरल्यावर मी वर्षभर कंपनीच्या इथल्या ऑफिसात होतो, तेव्हा मीसुद्धा बोटीवरच्यांच्या बायकांना असंच सांगायचो."

आजवर काका परातीत नुसती पानंफुलं आणि लोंब्या मांडायचे, गहू पेरायचा धीर त्यांना झाला नव्हता. या वर्षी घट बसायच्या आधी त्यांनी मला गव्हाचं काम दिलं. मी दर शनिवारी लिटिल इंडियात जायचेच, तर येताना एक किलो गहू आणायचे. चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: आख्खे, स्वच्छ, किडके नकोत. मी तीन दुकानं फिरले आणि त्यातल्या त्यात सगळ्यात स्वच्छ, गोरेपान, टपोरे गहू घेतले. काकांनी ते भिंगातून तपासले आणि खूश झाले. "याला म्हणतात क्वालिटी!" पहिल्या माळेला त्यांनी ते पेरले आणि दिवसाचे वॉच, म्हणजे बोटीवरच्यासारख्या पाळ्या, वाटून दिले. सकाळी आणि रात्री ते, बारा ते चार मी. त्यांच्या फ्लॅटची किल्ली मला मिळाली. पाणी फवाऱ्यानंच मारायचं, कारण परातीत पाणी साचलं तर डास होतील आणि डास तपासणारे सरकारी लोक येऊन दंड ठोकतील.

जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "फोन वाजला तर उचलू नकोस."

"का हो?"

"चांगली बातमी असली तर ते पुन्हा करतील. वाईट असली तर मला जरा उशिरा कळू दे."

दुसरी माळ झाली, तिसरी झाली. माती काळी ती काळीच. चौथ्या माळेला काका गुडघे टेकून परातीशी बसलेले दिसले, टॉर्च घेऊन. माझी सात वर्षांची मुग्धा माझ्यामागून डोकावून शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "चीफ अंकल, युवर ग्रास नॉट कमिंग आउट, लाह!" मी तिला दंडाला धरून घरी नेलं. त्या दिवसापासून मी पाठवलेला डबा जसाच्या तसा परत यायला लागला. विचारलं तर म्हणायचे, "यार्डात खाल्लं." कॅंटीनमधलं काहीही न खाणारा हा माणूस यार्डात काय खात होता कोण जाणे.

त्या चौथ्या माळेच्या संध्याकाळीच मी पेरून उरलेल्यातले वाटीभर गहू शिजायला लावले. म्हटलं, काकांना आवडते तशी गव्हाची खीर करावी. गहू अर्ध्या तासात लोण्यासारखे मऊ झाले आणि मी एक दाणा बोटांत धरून नीट पाहिला. आमच्याकडे आई खिरीसाठी गहू ओले करून उखळात सडायची. सडायची म्हणजे कांडून त्यांची साल काढायची. साल गेली की दाणा असा पांढरा दिसतो, आणि सोबत कोंबही जातो. लिटिल इंडियातला तो दुकानदार पायसमसाठी, म्हणजे खिरीसाठी, हेच गहू विकत होता. मी शहरातून शोधून शोधून, कधीच उगवू न शकणारे गहू आणले होते.

"मग जाऊन सांग त्यांना," माझा नवरा महेश म्हणाला. "सोपं आहे." त्याला सगळंच सोपं वाटतं, तो कॉम्प्युटरवर काम करतो. मी दोनदा काकांच्या दारापर्यंत गेले. पण त्यांना काय सांगायचं? गव्हाचा दोष आहे, त्यात कसला शकुन नाही, असं? समजा सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी खरंच काही वाईट कळलं, तर? खरं सांगायचं तर तोवर त्या परातीला मीही घाबरायला लागले होते. फवारा मारताना मी मातीकडे बघायचंच टाळायचे.

शेवटी मी पुण्याहून आणलेल्या डब्यातले गहू भिजवले आणि वॉशिंग मशीनच्या मागे ताटलीत ओल्या फडक्याखाली लपवून ठेवले. सातव्या माळेला त्यांना पिवळसर हिरवे कोंब आले. आठव्या माळेला दुपारी, माझ्या वॉचमध्ये, मी ताटली पदराखाली घेऊन काकांच्या घरात शिरले आणि दाराला आतून कडी घातली.

बसलेला घट हलवू नये हे मला लहानपणापासून माहीत. त्यातली माती उकरायची तर बातच सोडा. देवीची मनातल्या मनात दहा वेळा क्षमा मागितली आणि भुवयांच्या चिमट्यानं एकेक रोप धरून मातीत खोचायला लागले. बाहेर धुरामुळे काही दिसत नव्हतं. फोटोतला नितीन माझ्याकडे बघत होता. निम्मी परात लावून झाली असेल, तेवढ्यात फोन वाजला.

मी उचलला नाही. बारा वेळा वाजला आणि थांबला. चिखलानं माखलेले हात धरून मी तशीच बसले. चांगली बातमी असली तर पुन्हा करतील, काकांनी सांगितलं होतं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. वाईट बातमीवालेही दोनदा प्रयत्न करत नसतील का, असाही विचार मनात आला.

पुन्हा वाजला. मी धावत जाऊन उचलला.

"बाबा?"

"नितीन! अरे, मी वैशाली, शेजारची."

"वैशालीताई, बाबा कुठायत? मी पेनांगहून बोलतोय. धुरामुळे बारा दिवस नांगर टाकून नुसते उभे होतो. बाबा ठीक आहेत ना? काळजी करत नव्हते ना?"

"छे रे," मी म्हटलं. "मजेत आहेत. यार्डात गेलेत." फोन ठेवला आणि तिथेच फरशीवर बसून रडले.

आता खरं तर रोपांची काही गरज नव्हती. माणूस सुखरूप होता. पण अर्धी परात हिरवी, अर्धी काळी. उपटून टाकायचा धीर होईना. मी उरलेली रोपं लावली, फवारा मारला आणि फरशी पुसली.

संध्याकाळी काका लिफ्टमधून बाहेर पडले तेव्हा मी दारातच उभी होते. "काका, नितीनचा फोन आला होता. पेनांगहून. अगदी बरा आहे. धुरामुळे अडकले होते." एका दमात सांगून टाकलं.

काकांनी वाकून बूट काढले, दोन्ही सरळ रेषेत लावले, पुन्हा थोडे सरकवले. मग आत गेले आणि थेट परातीपाशी बसले. भिंग घेतलं नाही, टॉर्चही नाही.

"आलेत," ते म्हणाले.

"हो."

"कधी?"

"दुपारी. माझ्या वॉचमध्ये."

रोपं चांगली ओळीनं लागली होती. मूर्खासारखी भरतकामाच्या टाक्यांसारखी लावली होती मी. मातीत माझ्या बोटांचे ठसे दिसत होते. हा माणूस एका स्क्रूचा आटा गेलेला आवाजावरून ओळखणारा, त्याला हे दिसणार नाही? काकांनी बोटाच्या टोकानं एका कोंबाला हळूच स्पर्श केला.

"वैशाली," ते म्हणाले, "हे असंच दिसतं का गं? उगवल्यावर?"

मला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे?"

"मी कधी पाहिलेलं नाही. तीस वर्षांत एकाही नवरात्रात मी घरी नव्हतो."

"पण तांब्या डावीकडे, फोटो उजवीकडे..."

"पत्रात लिहायची ती. तांब्या जरा डावीकडे ठेवलाय, उजवीकडे तुमच्या फोटोला जागा केलीय, असं. सगळं लिहायची. आज चौथी माळ, गहू वर आले नाहीत, मला जेवण गेलं नाही." काका परातीकडे बघत होते. "मी ती पत्रं मेसमध्ये वाचून दाखवायचो. म्हणायचो, बघा, आमची बायको गव्हावरून इंजिन तपासते. सगळे हसायचे. मीही हसायचो गं."

"अस्संच दिसतं, काका," मी म्हटलं. "अगदी अस्संच."

त्यांनी मान हलवली. मग डोळे पुसत म्हणाले, "घरात काही खायला आहे का गं? भूक लागलीय."

आमच्या घरात खीर होती. त्याच गव्हाची. तो गहू डोळ्यांसमोर नको म्हणून उरलेला सगळा मी सकाळी शिजवून टाकला होता. मी वाटी भरून आणली. काकांनी पहिला चमचा तोंडात घातला, "गहू चांगला आहे," म्हणाले, आणि चमचा हातात धरून थांबले.

"ती कधी जेवायची गं? उगवले की त्याच दिवशी? ते तिनं कधी लिहिलं नाही. मी कधी विचारलंही नाही."

"उगवले की लगेच," मी म्हटलं, आणि त्यांच्या वाटीत आणखी एक डाव खीर वाढली.