टिटवीचे आभाळ

विषय : आभाळ धरण्याच्या कामातून आठ दिवसांची रजा मिळणेबाबत.
अर्जदार : टिटवी, मुक्काम तळ्याकाठची खडी.
संदर्भ : अर्जदाराचा चैत्रातला अर्ज व त्यानंतरची तीन स्मरणपत्रे.

मुलांनो, वरील विषयास अनुसरून सांगायचे ते असे की, एका जंगलात एक टिटवी राहत होती.

टिटवी उताणी झोपते आणि पाय वर करते, हे तुम्ही ऐकले असेल. का? तर आभाळ खाली येऊ नये म्हणून. हे खरे की खोटे, ते आपण विचारायचे नाही. टिटवीला ते खरे वाटत होते आणि पाय तिचेच दुखत होते.

त्या वर्षी तिने खडीत चार अंडी घातली. आभाळ पडले तर आधी अंड्यांवरच पडणार. या विचाराने तिची होती ती झोपही गेली. पाठ टेकली की छातीत धडधड होई. दिवसभर ती पेंगत हिंडे. एकदा तर तिचा पाय आपल्याच अंड्यावर पडता पडता राहिला. त्या दिवशी ती फार घाबरली. आभाळाला नव्हे, स्वतःला.

ती खारीकडे गेली.

"आभाळ कुठं पडतं का गं?" खार म्हणाली. "रिकामं बसलं की सुचतं हे असलं. माझ्यासारखी दिवसातून दहा झाडं चढ-उतर कर, मग बघ कशी झोप लागते!"

मोर म्हणाला, "नाचत जा."

त्याच सुमारास सिंहमहाराज शेजारच्या जंगलाचा अभ्यासदौरा करून परतले. मनालाही दुखणे असते, ही गोष्ट त्यांना तिथल्या मेजवानीत कळली होती. त्यांनी ताबडतोब मनःस्वास्थ्य कक्ष उघडला. कक्षप्रमुख म्हणून कोल्ह्याला नेमले. कोल्हा आधी शिंगे व खूर विभागात होता. तिथे त्याच्याविरुद्ध तक्रारी फार झाल्या होत्या, त्यामुळे त्याला कुठेतरी हलवणे भागच होते. कारकून म्हणून कासव आले. दारावर पाटी लागली : 'मन मोकळे करा. वेळ अकरा ते एक.'

टिटवी पावणेअकरालाच जाऊन उभी राहिली. साडेअकराला कासवाने मान बाहेर काढली.

"काय होतंय?"

"आभाळ धरून धरून थकले हो, कासवदादा. आठ दिवस रजा हवी. दुसरं काही नको, नुसतं झोपायचंय."

कासवाने छापील अर्ज पुढे केला. तो शिंगे व खूर विभागाचाच उरलेला अर्ज होता. वरचे नाव तेवढे खोडले होते. 'दुखऱ्या अवयवाचे नाव' या रकान्यात टिटवीने लिहिले : आभाळ.

"बाई, आभाळ हा अवयव नाही."

"पण दुखतं तेच."

"मग 'इतर'वर खूण करा. अन् हे बघा, 'रजेच्या काळातील बदली' हा रकाना कोराच ठेवलाय. तुम्ही झोपलात तर आभाळ कोण धरणार?"

टिटवीने तो कोरा रकाना पुन्हा वाचला. आजवर सगळे तिला सांगत होते की आभाळ पडत नाही. इथे तर दरबारानेच मान्य केले होते की धरले नाही तर ते पडते.

"बदलीचं संमतिपत्र जोडा," कासव म्हणाले आणि मान आत घेतली.

कोल्ह्याला मात्र कामाचा भारी उत्साह. त्याने हसरा सप्ताह जाहीर केला. रोज सकाळी सगळ्यांनी तळ्यावर जमून मोठ्याने हसायचे. पहिले बक्षीस तरसाला मिळाले. हरणेही हसली, कारण समोर सिंहमहाराज बसले होते. शेवटच्या दिवशी टिटवीला, एकही रजा न घेता आभाळ धरल्याबद्दल, मानपत्र देण्यात आले.

"आभाळाकडे ओझं म्हणून बघू नका, टिटवीबाई," कोल्हा भाषणात म्हणाला. "संधी म्हणून बघा!"

टिटवीने बघितले. आभाळ तेवढेच होते.

तिने पहिले स्मरणपत्र दिले, मग दुसरे, मग तिसरे. तिन्हींना एकच उत्तर आले : 'बदलीचे संमतिपत्र जोडावे.'

आता मुलांनो, त्या तळ्यात दुपारी गावातली एक म्हैस डुंबायला येई. तिचे नाव चंद्री. चंद्रीला सप्ताह वगैरे काही ठाऊक नव्हते.

"काय गं बाय," ती एका दुपारी म्हणाली, "रोज उताणी पडतीस अन् डोळं टक्क उघडं?"

टिटवीने सगळे सांगितले. सांगून झाल्यावर ती हसण्याची वाट बघत राहिली. म्हैस हसली नाही. तिने रवंथ थांबवला आणि वर पाहिले.

"कुठला कोपरा जड हाय?"

असे तिला कुणी विचारलेच नव्हते. "उगवतीकडचा," टिटवी म्हणाली.

"दे माझ्या शिंगांवर. रुंद हायेत. म्या तशी बी उन्हं कलंस्तोवर हितंच बसणार."

"अन् पडायला लागलं तर?"

"हाक मारीन की. तू अंड्यांवर बस अन् पाय पोटाशी घे."

टिटवीने भीत भीत एक पाय खाली घेतला. मग दुसरा. उन्हे कलली तेव्हा ती दचकून जागी झाली.

"खाली आलंय का जरासं?"

"न्हाई. एक ढग आलता. त्येला म्हनलं, हळू जा बाबा, ती निजलीय."

असे पाच दिवस चालले. टिटवीचे डोळे निवळले. छातीतली धडधड थांबली. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "चंद्रीताई, आज कोपरा तेवढा जड नाही. अर्धा मीच धरते."

इकडे कक्षाचा पहिला अहवाल जायचा होता. बरे वाटलेल्यांचा रकाना रिकामा होता. साऱ्या जंगलात बरी झालेली एकच सापडली आणि तीही परस्पर. कोल्हा कासवाला घेऊन तळ्यावर आला.

"काय गं म्हशी, आभाळ धरायचा परवाना आहे का तुझ्याकडे?"

"परवाना न्हाई. शिंगं हायेत."

"मनाचे उपचार कुठं शिकलीस?"

"म्या कसला उपचार केला? ती निजली, म्या जागी हुते."

"लिहून घ्या, कासवराव. गुन्हा कबूल."

"पण साहेब," टिटवी मध्येच म्हणाली, "पाच दिवसांत आभाळ पडलं नाही ना!"

"पडलं असतं तर जबाबदार कोण?" कोल्ह्याने विचारले.

याचे उत्तर तुमच्याकडे असेल तर लिहून ठेवा. मला छत्तीस वर्षांच्या नोकरीत सापडले नाही.

जंगलाबाहेरची म्हणून चंद्रीला तळे बंद झाले. टिटवीच्या अर्जावर शेरा पडला : 'अर्जदार झोपलेली आढळली. झोप येत नसल्याची फेरपडताळणी करावी. तसेच पाच दुपारी आभाळ विनापरवानगी सोडल्याबद्दल खुलासा मागवावा.'

दुसऱ्या दुपारी तळे रिकामे होते. टिटवी उताणी झाली. तिने पाय वर केले.

चार दिवसांनी अंडी फुटली. चार पिल्ले बाहेर आली. त्यांनी आईकडे पाहिले, खडीत उताणी झाली आणि आपापले इवले पाय वर केले.

कासव त्याच दिवशी फेरपडताळणीला आले होते. एकदा त्याने हळूच वर पाहिले. मग कागद काढून टिपण लिहिले : 'बदली उपलब्ध. संख्या चार. परंतु अल्पवयीन.'

पिल्ले सज्ञान होईपर्यंत अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य : दुसऱ्याचे आभाळ परवान्याशिवाय घटकाभरही धरू नये. त्याला बरे वाटण्याचा धोका असतो.